आमच्याकडे हान्झाकी नाही

फिरती पाटी किनुएच्या दारात आली तेव्हा ती अंगणात आळकुड्या खरवडत बसली होती. पाटी म्हणजे एक पुठ्ठा आणि त्याला चिमटा. वाडीसाठी आलेली पत्रकं त्यात अडकवायची, वाचून झाली की आपल्या नावासमोर शिक्का उमटवायचा आणि पाटी पुढच्या घरी नेऊन द्यायची. तानीओकू वाडीत एकवीस घरं होती तेव्हा पाटीला फिरून यायला आठवडा लागे. आता घरं उरली होती पाच. सकाळी निघालेली पाटी दुपारच्या जेवणाआधी परत वाडीच्या प्रमुखाच्या, तेत्सुजीच्या, ओट्यावर.

पहिलं पत्रक कचरा उचलण्याच्या वारांचं. दुसरं देवळामागचं गवत कापायचं. तिसरं नदीखात्याच्या कचेरीतून आलेलं. तीन वर्षांपूर्वीच्या पुरात खचलेले दोन्ही काठ बांधून काढायचे, काम नऊ सप्टेंबरपासून, बंधाऱ्यापासून खाली दोनशे मीटर. पोकलेन येईल, लहान मुलांना पाण्याकडे जाऊ देऊ नये.

"लहान मुलं म्हणे," किनुए पुटपुटली. वाडीतलं सगळ्यात लहान माणूस त्रेसष्ट वर्षांचं होतं आणि त्याचे गुडघे गेले होते.

मग तिने ते पत्रक पुन्हा वाचलं. दोनशे मीटर. बंधारा, त्याखाली डोह, मग तिची आळूची पट्टी, पट्टीच्या कडेचा जुना अक्रोड. अक्रोड दोनशे मीटरच्या आतच येत होता. त्याच्या मुळांखाली, पाण्याच्या पातळीच्या वीतभर खाली, एक बीळ होतं. एक्क्याऐंशी वर्षांत किनुएने ते एकाही भाद्रपदात रिकामं पाहिलं नव्हतं.

तिने सुरी घमेल्यात टाकली, गमबूट चढवले आणि काचेच्या तळाची लाकडी पेटी उचलून नदीवर गेली. ही पेटी पाण्यावर टेकवून वरून डोळे लावले की तळ स्वच्छ दिसतो. बापाच्या हातची होती. काच मात्र चौथी.

पाणी पोटऱ्यांना झोंबलं. अक्रोडाखाली गाळ झाडून काढल्यासारखा दिसत होता. बिळाच्या तोंडाशी बारीक, धुतलेल्या वाळूचा पंखा पसरला होता. म्हणजे बिळाचा धनी परत आला होता. उन्हाळाभर हा प्राणी दिवसा कुणाला दिसत नाही. रात्री निघतो, दगडासारखा पडून राहतो, मासा किंवा खेकडा तोंडासमोर आला की गट्ट करतो. पण ऑगस्ट सरताना थोरला नर आपलं बीळ धरतो. मागच्या पायांनी आणि शेपटीने आतला गाळ बाहेर लोटतो, आणि दिवसाढवळ्या तोंड दारात ठेवून बसतो, वाड्यावरच्या पहारेकऱ्यासारखा. दुसरा नर आला तर चावून हाकलतो. मादी आली तर आत येऊ देतो. मादी अंड्यांच्या माळा सोडून निघून जाते, आणि हा एकटा मागे राहतो. थेट माघापर्यंत.

किनुएने पेटीतून पाहिलं. रुंद, चपटं, चामखिळांनी भरलेलं डोकं. मोहरीएवढे डोळे, असून नसल्यासारखे. उजव्या पुढच्या पायाची दोन बोटं तुटलेली. तोच होता. ती त्याला निदान तीस वर्षं ओळखत होती. पुस्तकात ह्या पालीसारख्या उभयचराला महाकाय सॅलमँडर म्हणतात, सरकार त्याला राष्ट्राचा ठेवा म्हणतं, हात लावला तरी गुन्हा. तानीओकूत त्याचं नाव हान्झाकी. अर्ध्यातून फाडला तरी जगतो तो, असा त्या नावाचा अर्थ.

"ह्याला हात लावला तर मला तुरुंग," किनुए पाण्याला म्हणाली, "आणि ह्याच्यावर भिंत घातली तर त्यांना बढती."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती तशीच, ओल्या गमबुटांनी, पाटी काखेत मारून तेत्सुजीकडे निघाली.

तेत्सुजी मोरिवाकी वाडीचा प्रमुख होता, सत्तर वर्षांचा. पलीकडच्या, डाव्या काठाला त्याची भातखाचरं. तो ओट्यावर गवत कापायचं यंत्र उघडून बसला होता. हातभर तेल.

"ताई, शिक्का राहिलाय तुझा," पाटीकडे बघून तो म्हणाला.

"राहिला नाही. मारला नाही."

"बरं. ये, बस. सातूचा चहा थंड आहे आत."

"चहा नकोय मला. नऊ तारखेला पोकलेन आणतायत. नऊ तारखेला नदीत काय असतं, ठाऊक आहे ना तुला?"

"पाणी असतं."

"तेत्सु, माझ्याशी शहाणपणा करू नकोस. तुला पाठीशी बांधून मी..."

"पाठीशी बांधून गवत कापलंस, माझी दुपटी धुतलीस, माझ्या नाकातला शेंबूड पुसलास. दर सणाला ऐकतो." त्याने पाना खाली ठेवला. "तीन वर्षांपूर्वी माझी खालची खाचरं गेली. कोठार गेलं. मळणीयंत्र चार किलोमीटर खाली सापडलं, झाडाच्या फांदीत. तुझ्या आळवाला ओरखडा आला नाही, म्हणून तुला हान्झाकीचा पुळका. पुढचा पूर आला की घरात येईल माझ्या. ही भिंत मिळवायला तीन वर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवल्यात मी."

"भिंत नको म्हणतेय का मी? माघानंतर घाला. पिलं बाहेर पडू देत."

"मार्चअखेर काम पुरं झालं नाही तर मंजुरीच जाते. पुन्हा तीन वर्षं. मी त्र्याहत्तर होईन तोवर, आणि पूर काही माझं वय विचारून येणार नाही."

हे खोटं नव्हतं. त्याचा तिला जास्तच राग आला.

"आणि कचेरीत सांगणार काय?" तेत्सुजी म्हणाला. "आमच्याकडे हान्झाकी आहे म्हणून? आपणच तर लिहून दिलंय, नाही म्हणून."

"कुणी दिलंय?"

"पाचही घरांनी. मे महिन्यात पाहणीवाले आले होते ना माहितीपत्रक घेऊन."

"मी नाही दिलं."

तेत्सुजीने यंत्राचं पातं पुसायला घेतलं. 

दुसऱ्याच दिवशी ती सकाळच्या बसने तालुक्याला गेली. आठवड्यातून दोनदा येणारी ती बस. आत ती आणि ड्रायव्हर. कचेरीत तिची गाठ उगावा नावाच्या इंजिनियरशी पडली. पंचेचाळिशीचा, नेटका माणूस, बोलण्यात आदब. त्याने तिला खुर्ची दिली, कपाटातून एक फाईल काढली आणि पान उघडून तिच्यासमोर ठेवलं.

प्रश्न छापील होता: आपल्या घराजवळच्या नदीपात्रात हान्झाकी आढळतो का, किंवा पूर्वी कधी आढळला आहे का. खाली पेनाने लिहिलेलं होतं: नाही. कधी पाहिलेला नाही. अक्षर किनुएचं होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं रोजचा बेत फळ्यावर लिहून वळलेलं, गोल, सुबक अक्षर.

तिला आठवलं. दोन माणसं दारात आली होती. घामाघूम होती म्हणून तिने त्यांना चहा दिला, मुळ्याचं लोणचं दिलं. त्यांनी कागद पुढे केला आणि तिने लिहून टाकलं. विचार केलाच नव्हता. तानीओकूत विचार करतच नाहीत. बाहेरचा माणूस दारात येऊन हान्झाकीचं विचारतो, तेव्हा "आमच्याकडे नाही" हे तोंडातून आपोआप येतं, शिंकेवर शिंक यावी तसं. आईने तिला शिकवलं, आईला तिच्या आईने. कधीकाळी औषधवाले यायचे पिंप घेऊन, मग शहरातले शौकीन खाणारे. पुढे कायदा झाला आणि पोलीस यायला लागले. सगळ्यांना एकच उत्तर. त्या एका उत्तरावर बिळातला धनी पिढ्यान्‌पिढ्या सुखरूप राहिला होता. आता त्याच उत्तरावर त्याच्या दाराला भिंत येणार होती, आणि तिची पहिली वीट तिने स्वतःच्या हाताने रचून दिली होती.

"हे खोटं आहे," किनुए म्हणाली.

"अक्षर तुमचं नाही का?"

"अक्षर माझंच. लिहिलंय ते खोटं. आहे तो. अक्रोडाखाली आहे, तुमच्या आजोबांच्या काळापासून."

उगावा जरा हसला, वाईट हेतूने नव्हे. "आजी, पाचही घरांनी एकच लिहिलंय. शिवाय आमची माणसं तीन दिवस पाण्यात उतरून शोधत होती. एकही आढळला नाही."

"मे महिन्यात?"

"हो."

"दिवसा?"

"कामाच्या वेळेतच."

"तो तुमच्या कचेरीत कामाला नाही," किनुए म्हणाली. "मे महिन्यात दिवसा तो कपारीत झोपतो. बिळाचं तोंड पाण्याखाली आहे, वरून काठ पाहून दिसत नाही. सबंध वर्षात एकच महिना तो दिवसा दारात बसतो, आणि त्याच महिन्यात तुम्ही यंत्र आणताय. तीन दिवस शोधलंत म्हणता. मला तीन मिनिटं विचारलं असतंत..."

आणि ती थांबली. कारण विचारलं होतंच. कागद समोर होता.

 उगावा हळूच म्हणाला, "कागदावर आता 'नाही' असं आहे. तुमचा राग मला समजतो, पण..."

"नाही समजत. कागदावर असं लिहा, की किनुए नागासे, वय एक्क्याऐंशी, हिने खोटं लिहून दिलं. खाली शिक्का मारते. आणला आहे. मग यंत्राआधी एकदा स्वतः या आणि बघा. नसला तर भिंत माझ्या अंगावरून घाला."

शेजारच्या टेबलावरची बाई टंकायची थांबली. उगावाने पेन काढलं.

चार सप्टेंबरला तो आला. बरोबर पाहणीच्या संस्थेतली दोन माणसं, रबरी विजारी घातलेली, आणि एका लांब काठीच्या टोकाला बोटाएवढा कॅमेरा. किनुए सकाळपासून काठावर उभी होती. तेत्सुजीही आला, प्रमुख म्हणून. हाताची घडी घालून तो चार पावलं लांब राहिला. गेल्या आठ दिवसांत तो तिच्याशी बोलला नव्हता. पाटी तिच्या दारात आली होती, पण ठेवणारा हाक न मारता निघून गेला होता.

काठी पाण्यात गेली. उगावाच्या हातातल्या लहान पडद्यावर आधी गढूळ, मग वाळू, मग मुळं दिसली. मग सगळा पडदा एका जबड्याने भरला आणि काठी हातभर आत ओढली गेली.

"धरलंय, धरलंय," पाण्यातला माणूस म्हणाला. "सोडत नाहीये."

"का सोडेल?" किनुए म्हणाली. "त्याचं घर आहे."

धन्याने सोडलं तेव्हा कॅमेरा त्याच्या मानेवरून आत सरकला. बीळ आत प्रशस्त होतं. मागच्या भिंतीतून झऱ्याचं पाणी पाझरताना दिसत होतं, वाळूचे कण नाचवत. तळाशी अंडी होती. काचेच्या मण्यांच्या माळांसारखी, शेकडो, एकमेकांत गुंतलेली, प्रत्येक मण्यात एक पिवळा ठिपका. धनी वळला, माळांच्या मधोमध गेला आणि शेपटी हलवू लागला. सावकाश, थांबून थांबून. माळा डोलल्या.



"तो पंखा घालतोय," किनुए म्हणाली. "नाहीतर आतली गुदमरतील. एखादं पांढरं पडलं की खाऊन टाकतो, बाकीच्यांना बुरशी लागू नये म्हणून. पाच महिने हेच. आता म्हणा, नाही म्हणून."

उगावाने पडदा बंद केला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरीचं समाधान होतं. त्या समाधानाने किनुए सावध झाली.

"बरं झालं सांगितलंत, आजी. एकच बीळ आहे म्हणजे मार्ग निघतो. परवानगी घेऊन याला पकडून बंधाऱ्याच्या वर सोडता येईल. अंडी संस्थेच्या टाकीत नेतील. दहा-बारा दिवस उशीर, इतकंच. काम थांबणार नाही, प्राण्यालाही धक्का नाही. शिवाय भिंतीत सिमेंटचं एक तयार बीळ बसवू आपण त्याच्यासाठी. हल्ली मिळतात तशी."

"ऐक, ताई," तेत्सुजी आठ दिवसांत पहिल्यांदा तिच्याशी बोलला. "दोन्ही झालं. भिंतही झाली, तोही वाचला."

"वाचला?" किनुए त्याच्याकडे वळली. "बंधाऱ्याच्या वर काय रिकामी जागा आहे? वरच्या प्रत्येक कपारीत कुणी ना कुणी बसलाय. ऐन मोसमात परक्याला सोडलं तर फाडतील त्याला. बोटं कशी गेली त्याची? आणि बंधारा घातला तेव्हा काय म्हणाले होते तुमच्या कचेरीचे लोक? तेव्हाही म्हणाले, प्राण्याला धक्का नाही. पाच वर्षं हान्झाकी बंधाऱ्याच्या पायथ्याशी गोळा व्हायचे, वर चढायला. सिमेंट खरवडून खरवडून बोटांची सालं गेलेली मी पाहिली आहेत. आम्ही सगळे काठावरून बघत होतो. मीही. मूग गिळून."

"ते साठ वर्षांपूर्वीचं, आजी," उगावा म्हणाला. "तेव्हाची पद्धत..."

"आणि तुमचं तयार बीळ? त्यात मागून झरा येणार आहे? तो बीळ भिंतीसाठी निवडत नाही, पाण्यासाठी निवडतो. तुम्ही त्याला गटाराचा पाइप द्या आणि पत्रकात छापा."

"ताई, पुरे आता," तेत्सुजी चिडून म्हणाला. "साहेब भल्याचं सांगतायत. एका जनावरासाठी माझं घर वाहू द्यायचं का? काय लागतो तो आपला?"

किनुए त्याच्याकडे बघत राहिली. मग जे बोलायचं नाही असं सत्तर वर्षं ठरलेलं होतं, ते ती बोलली, आणि हळू आवाजात नाही.

"तुझा लागतो. अर्धा हान्झाकी तुझ्या अंगात आहे."

"काय बोलतेस?"

"तू तीन महिन्यांचा होतास. तुझा बाप कोळशाच्या भट्टीवर छातीत थंडी भरून गेला, आणि तुझ्या आईचं दूध आटलं. कंबरेएवढं बर्फ. वाडीत कुणाकडे काही नव्हतं, आमच्याकडे बाजरीची पेज. कायदा नुकताच झाला होता. माझा बाप सकाळी उठला, नदी ओलांडून तुमच्या काठाला गेला. तिथे तेव्हा बीळ होतं, तुमच्या खालच्या खाचराखाली. मी कंदील घेऊन बरोबर, उजाडलं होतं तरी. त्याने खांद्यापर्यंत हात आत घातला आणि धन्याला ओढून काढला. त्याच्याबरोबर पिलं बाहेर आली. बोटाच्या पेराएवढी, काळी, गळ्याशी पिसांसारखे कल्ले. शेकडो. बर्फाच्या पाण्यात वाहत गेली. माझ्या बुटांवरून गेली."

 पाण्यातल्या माणसाने काठी उभी धरली होती.

"घरात कापला तेव्हा सान्शो मिरीचा वास सुटला, सबंध घरात. दिवसभर शिजवला, इतका चिवट. बापाने बरोबर मधून दोन भाग केले. एक आम्हाला. दुसरा मी कोटाच्या आत गाडग्यात लपवून तुझ्या आईला नेऊन दिला. ती रोज त्याचं पाणी प्यायली. पाचव्या दिवशी तिला दूध आलं. म्हणून तू आज इथे उभा राहून विचारू शकतोस, काय लागतो तो." ती उगावाकडे वळली. "लिहून घ्या तुम्ही. गुन्हा आहे. बाप मेलाय, पण कंदील मी धरला होता."

उगावाने काही लिहिलं नाही. तेत्सुजीचे हात घडीतून सुटून खाली लोंबत होते.

"आईने कधी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"कशी सांगेल? आमच्याकडे हान्झाकी नाही."

 तेत्सुजीने गळ्यातला पंचा काढून तोंड पुसलं, मग मानेमागे पुसलं. मग तो पाण्याच्या कडेपर्यंत गेला आणि उगावाला म्हणाला, "ते तुमचं एकच बीळ. ते दोन करा."

"म्हणजे?"

"डाव्या काठाला आहे दुसरं. माझ्या खालच्या खाचराखाली, ती सांगतेय तिथेच. पुराने वरचा बांध नेला, पण धन्याने तोंड परत मोकळं केलं. परवा पाहिलं मी. वाळू काढलीय. एक असलं तर उचलून नेता, दोन असली तर?"

उगावाने चष्मा काढला. "दोनशे मीटरात दोन चालू बिळं असली तर मग ती प्रजननाची जागा ठरते. मग हलवता येत नाही. फाईल वर राजधानीत जाते." तो थांबला. "मोरिवाकीसान, नऊ तारीख विसरा मग. या हिवाळ्यात काम होणार नाही. मंजुरी टिकेल का, ते मी सांगू शकत नाही. तुमचंच घर काठावर आहे."

"कुणाचं घर कुठे आहे ते ठाऊक आहे मला," तेत्सुजी खेकसला. "पूर आला तर ही बाई येईल माझ्या फोटोपुढे उदबत्ती लावायला. लिहा."

उगावाने लिहिलं.

  किनुएच्या कानशिलात रक्त ठोकत होतं.

"कधीपासून आहे तो?" तिने विचारलं.

"कोण?"

"तुझ्या काठाचा. कधी आला?"

"मी चौतीस वर्षांचा होतो त्या साली."

"म्हणजे छत्तीस वर्षं." तिने ते पुन्हा म्हटलं. "छत्तीस वर्षं. त्या सकाळनंतर मी तुझ्या त्या काठाला पाय ठेवलेला नाही. पुलावरून जाताना तिकडे बघत नाही. ते बीळ आम्ही रिकामं केलं, कायमचं, असं धरून मी सत्तर वर्षं काढली. आणि त्यातली छत्तीस वर्षं तो तिथे बसलाय, आणि तुला ठाऊक आहे, आणि तुझ्या तोंडातून एक अक्षर फुटलं नाही?"

"तू विचारलंस कधी?"

"विचारतात का आपल्यात?"

"तेच म्हणतोय मी."

"आणि त्याच्यावरसुद्धा भिंत घालायला निघाला होतास. जाणूनबुजून."

 तेत्सुजी पंच्याची घडी घालत राहिला, चौकोनी, मग अजून लहान. "रोज रात्री पडल्या पडल्या ते बीळ डोळ्यांसमोर येतं," तो शेवटी म्हणाला. "त्याच्यानंतर पुराचं पाणी येतं. काय करायला हवं होतं ते तू सांग."

 पाहणीची माणसं सामान उचलून पुलाकडे निघाली होती, पलीकडच्या काठाला. उगावा त्यांच्यामागे. किनुएने आपली चालायची काठी टेकली आणि तीही निघाली. पूल चाळीस पावलांचा होता. मधोमध तेत्सुजीने तिला गाठलं, आणि पलीकडे उताराची पायवाट निसरडी आहे म्हणून हात पुढे केला.

"हात लावू नकोस," किनुए म्हणाली. "मी अजून रागावलेली आहे."

"ते दिसतंय."

"तुझ्यावर. त्यांच्यावर. त्या कागदावरच्या माझ्या अक्षरावर."

"बरं. पण तो तिसरा दगड हलतो, त्याच्यावर पाय देऊ नकोस."

ती तिसऱ्या दगडापाशी थांबली, तो टाळला आणि पाण्याकडे उतरत गेली.